मामांच्या वळशाची रेघ

"मामा, वो मामा... काय हुतंय? बोला की!" मी वरडत हुते आन मामा बोलतच न्हवतं. कळ आली तवा बी त्यांनी आदी मशीन बंद केलं, मग खाली बसलं. एक हात छातीवर, दुसऱ्या हातानं माझा पाय धरल्याला. सगळीकडं धुकं. कसलं धुकं म्हंता, बोटीचं नाक दिसंना. पोटाशी बांधल्याली माझी आरू रडाय लागली, तिला गप करू का मामांना धरू, मला काय बी कळंना. मामा म्हंजे माझं सासरं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हंत्यात आन सासूला आत्ती. आमची वाडी शाहूवाडीच्या डोंगरात, धरणाच्या पल्याड. डांबरी रस्ता, जीपगाड्या, दवाखाना, सगळं अल्याड. आरूला नवव्या महिन्याची सुई द्यायची हुती, म्हणून आमी तिघंच सकाळी निघाल्तो. आन मधी पाण्यात ह्ये असं झालं.

बोटीत समोर पाटी चालू हुती. पाटी म्हंजे ते जीपीएसचं यंत्र, मामा त्याला पाटी म्हणायचं. पाटीवर आपली बोट म्हंजे एक बारका बाण असतोय. त्या बाणाकडं बघितलं तर तो गरागरा फिराय लागल्याला. कवा वाडीकडं त्वांड, कवा डोंगराकडं, कवा धरणाच्या भिंतीकडं. मला वाटलं पाटी बी गेली... आता कुठं न्हेऊ मी ह्यांना? बोंबलावं तर ऐकाय कोण हाय?

ती पाटी मामांनी आणली त्याला कारण हाय, आत्ती हसत सांगायच्या. माझ्या लग्नाच्या आदीची गोष्ट. असंच धुकं पडल्यालं, आन मामा एका लग्नाच्या पावण्यांना घिऊन वाडीतनं निघालं. तासभर बोट चालीवली. मग किनारा लागला तसं मोठ्यानं म्हणालं, "उतरा पावणं, आलं गाव." पावणं उतरलं, तर समोर आत्तीच भांडी घासत बसल्याल्या. फिरून फिरून बोट आपल्याच दारात! आत्ती म्हणाल्या, "या, बसा. च्या करते. दुसऱ्यांदा करते." मामांना ते लई लागलं. तीस वर्सं पाण्यात काढल्याला माणूस. मग त्यांनी रत्नागिरीकडनं एका मच्छीमाराच्या लाँचवरचं उतरवल्यालं जुनं यंत्र आणलं.

पण ते यंत्र समुद्राचं. त्यात समुद्राचा सगळा नकाशा, खडक, खोली, बंदरं, सगळं. आमचं धरण त्यात कुठनं असणार? हितं आणून चालू केलं तर पाटी सगळी कोरी, मधी नुसता एक बाण. मी नवीनच लग्न हून आल्ते. मामा माझ्याकडं बघून म्हणालं, "समुद्राचं सगळं लिवल्यालं हाय. आपलं आपल्यालाच लिवाय लागणार की, पोरी." त्यांना अक्षर येत न्हवतं. मी नववी नापास, पण इंग्लिश अक्षरं लावाय येत्यात. तवापासनं पाटी माझी आन बोट मामांची. ते मशीनवर, मी म्होरं. बटण दाबून धरायचं, मग वाट बघायची, आभाळातली खूण मिळाली की बाण उमटतोय. मग बोट जिकडं जाईल तिकडं मागं एक रेघ वढली जातीया. मामा ऊन असताना, सगळं दिसत असताना वाडीपासनं अल्याडच्या धक्क्यापातुर बोट चालवायचं, आन ती रेघ मी ठेवून घ्यायची. म्हंजे धुक्यात त्याच रेघंवरनं जायचं. मला आदी वाटायचं पाटीला रस्ता ठावं असतोय. तसं न्हाय. मामा जिकडनं गेलं तेवडंच तिला ठावं.

पयल्या दिसांत मी लई घाबरायची. एकदा मधीच बोट हुबी केलती, आन मामांनी इच्यारलं, "कुठं हाय गं आपुन?" मी म्हणले, "मामा, बाण गोल फिरतोय, बिगाडलं वाटतं." मामा म्हणालं, "बिगाडलं न्हाय. आपुन हुबं हाय म्हणून त्याला कळंना. चालल्याबिगार ती सांगत न्हाय. चार हात म्होरं जा, मग इच्यार." आन खरंच, बोट चालाय लागली तसा बाण सरळ झाला. मग मला म्हणालं, "तू बी तशीच हाईस, हुबी ऱ्हायलीस की गोल फिरतीस." सगळ्यांच्यात चिडवायचं मला त्यावरनं. आत्ती म्हणायच्या, "आन तुमी? बसल्या जागी बी घोरत गोल फिरताय."

पाटीवर खुणा करता येत्यात. एक बटण दाबलं की बोट जितं हाय तितं खूण पडती, मग तिला चित्र लावायचं. जाळं टाकलं तितं मासा. धक्क्याला नांगर. धरण भराय लागलं तवा झाडं तोडल्याली, त्यांचं खुट पाण्याखाली ऱ्हायलंत, त्यातल्या एकानं दोनदा मशीनचा पंखा मोडलाय आमचा, तितं मी कवटी लावायची. मामांना कवटी लई आवडायची, म्हणायचं, "लाव त्याला कवटी, मेल्याला." अशा सात-आठ कवट्या झाल्यात. आन मधी एक जागा हुती. आमच्या रेघंला तितं मोठा वळसा. सरळ जायचं सोडून मामा डावीकडनं लांबनं बोट न्ह्यायचं. मी इच्यारलं, "हितं बी खुट हाईत व्हय? कवटी लावू?" मामा पटकन म्हणालं, "कवटी नको गं." मग म्हणालं, "ठिपकाच ऱ्हाऊ दे. पर तिकडनं बोट न्ह्याची न्हाय." मी ठिपका ठेवला. का न्ह्याची न्हाय, ते इच्यारलं न्हाय. सासऱ्याला किती इच्यारायचं म्हणून गप बसले. तेवडं एक इच्यारलं असतं तर...

त्या दिवशी बाण गरागरा फिरत हुता तवा मला मामांचंच बोलणं आटवलं. चालल्याबिगार ती सांगत न्हाय. मी मामांना कडंला टेकवलं, मशीनची दोरी वढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पेटलं. कुठं का जाईना म्हणून जरा म्होरं गेले, आन बाण थांबला. सरळ झाला. मला रडूच फुटलं. मग मी नांगराच्या खुणंवर न्ह्यायचं बटण दाबलं. ते दाबलं की पाटी आपुन हाय तितनं धक्क्यापातुर सरळ काळी रेघ मारती, आन बाजूला येळ दावती. नऊ मिनटं. ती काळी रेघ बरोबर त्या ठिपक्यावरनं जात हुती. आन मामांची जुनी रेघ डावीकडनं लांब वळसा घालून. तिकडनं गेलं तर वीस-बावीस मिनटं.

मी सरळच वळीवली हुती बोट. खरं सांगते. मामांनी डोळं उघडलं, पाटीकडं बघितलं, आन माझा पाय दाबला. म्हणालं, "रेघ... आपली रेघ सोडू नको."

मी म्हणले, "मामा, लई लांब पडतंय वो."

मामा म्हणालं, "लेकरू हाय."

तेवडंच. परत बोललं न्हाईत. मी आरूकडं बघितलं. धुकं असं की म्होरं खुट आला तर पंखा मोडल्यावरच कळणार. पंखा मोडला तर तिघं बी मधी. बोट फुटली तर पोटाशी बांधल्याली नऊ महिन्याची पोरगी घिऊन मी पवणार कशी? मला पवाय येत न्हाय. मी बोट डावीकडं वळीवली. वीस मिनटं मी मामांशी बोलत हुते. काय काय बोलले मलाच ठावं न्हाय. आरूला दात आलाय, आत्तींनी भाकरी बांधल्याती, दुपारपातुर घरी येऊ, असलं कायतरी. त्यांच्या हाताची पकड वळसा संपायच्या आदीच सुटली.

धक्क्यावर जीपवाल्यानं उचलून घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, आन मला इच्यारलं, "कळ कवा आली?" मी सांगितलं. ते म्हणालं, "जरा पंधरा-वीस मिनटं आदी..." आन माझं त्वांड बघून गप झालं. पुढचं बोललंच न्हाईत. बोलायला पायजे हुतं. अर्धं बोलणं लई वाईट.

तिसऱ्या दिशी रक्षा. सगळी म्हणाली नदीला न्हेऊ. आत्ती म्हणाल्या, "न्हाय. त्या ठिपक्याला न्ह्या." मला वाटलं आत्तींना ठिपका कसा काय ठावं? आत्ती, माझा नवरा आन मी, तिघंच गेलो. ऊन पडल्यालं, पाणी गप. मी पाटी बघून बोट नेली, बाण ठिपक्यावर आला तसं मशीन बंद केलं. बोट वाहून जाऊ ने म्हणून ह्यांनी नांगराचा दगड टाकला. दोरी सुटली... सुटत गेली. बारा हाताची दोरी, सगळी संपली, आन दगड लोंबतच हुता. बूड लागलंच न्हाय.

आत्ती रक्षेचं गाडगं मांडीवर घिऊन बसल्याल्या. पाण्याकडं बघत म्हणाल्या, "हितं आमची पयली हाय."

"पयली काय, आई?" ह्यांनी इच्यारलं. ह्यांना बी ठावं न्हवतं.

"पोरगी. तुझ्या आदीची. सात महिन्याची हुती, ताप आल्ता. बारक्या लेकराला जाळत न्हाईत, बांधाला पुरली. म्होरल्या सालाला धरणाचं पाणी आलं, सगळं शिवार गेलं." मग पदर डोळ्याला लावला आन म्हणाल्या, "पर ह्यो माणूस कवा तिच्यावरनं मशीन न्हेत न्हवता. तिची झोपमोड हुईल म्हणायचा."

 नवऱ्यानं लोंबत्याली दोरी बघितली. मग माझ्याकडं न बघताच म्हणालं, "म्हंजे हितं पाणी खोल हाय, खुट लागत न्हाईत. सरळ येता आलं असतं." रागानं न्हाय बोललं. रागानं बोललं असतं तर बरं झालं असतं, मी बी भांडले असते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला न्हाय, पर जेवताना मधीच घास धरून बसत्यात, तवा मला कळतंय काय मोजाय लागल्यात ते.

मी आत्तींना एकदा धीर करून इच्यारलं. मामा 'लेकरू हाय' म्हणालं, ते कुणाला म्हणालं? माझ्या पोटाशी हुती तिला, का पाण्याखाली हाय तिला? आत्ती भाकरी थापत हुत्या. थापता थापता म्हणाल्या, "दोनी बी त्याचीच की गं." आन परातीत परत पीठ घेतलं.

आता बोट मीच चालवते. वाडीतल्या बायका, दूध, शाळंची पोरं, कोण न्हेणार न्हायतर? पाटी चालू केली की मामांच्या रेघा दिसत्यात, एकावर एक, शेकड्यानं, सगळ्या त्या ठिपक्याला टाळून गेल्याल्या. त्यातच त्या दिवसाची एक हाय. ती वळखाय येती. मधी एका जागी दोरा गुंतल्यासारखी झालीया, बोट वाहत हुती तवाची. तितनं ती जराशी सरळ जाती, ठिपक्याच्या रोखानं, आन मग एकदम डावीकडं मोडती. ती मी मोडली. बटण दाबलं तर रेघ पुसता येती, मला कळतंय कशी पुसायची. अजून पुसली न्हाय.

तुमी शिकल्याली माणसं हाय, पेपर वाचताय. मला बरं वाटावं म्हणून काय बी सांगू नका. धुकं हुतं, मला पवाय येत न्हवतं, पाण्याखाली काय हाय ते मला कुणी सांगितल्यालं न्हवतं, पोटाशी पोरगी हुती आन पायाला धरून बापासारखा माणूस मराय लागल्याला. सरळ नऊ मिनटं, वळशानं बावीस. सांगा, तुमी कुठनं नेली असती बोट?