लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी

देगलूरकर काका लाल सिग्नलला थांबतात ते बघण्यासारखं असतं. डावा पाय जमिनीवर, उजवा पॅडलवर, पाठ ताठ आणि नजर वर दिव्यावर. दिव्यानं काहीतरी गुन्हा केलाय आणि तो कबूल करेपर्यंत आपण हलायचं नाही, असा एकूण आविर्भाव.

गेल्या ऑगस्टात हैदराबादेतल्या आमच्या तारनाक्याच्या कॉलनीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या चौकात नवा ऑटोमॅटिक सिग्नल बसला. खांब चकचकीत, खांबावर पेजरची जाहिरात. दुसऱ्याच दिवशी सकाळी काका त्याच्यापुढे अकरा मिनिटं थांबले. त्यांच्या मागे सायकलवर मी होते, नारायणगुड्याच्या ट्यूशनला निघालेली. चार मिनिटं कशीबशी कळ काढली आणि मोठ्या रस्त्यावर जरा फट दिसताच सुटले.

मागून गर्जना आली. "ए रसिका! लाल मोडायलीस का?"

मोडतच होते. सगळेच मोडत होते. दूधवाला, पेपरवाला, युनिव्हर्सिटीतली पोरं. लोकांचे डबे करणाऱ्या भामाबाई तर हँडलला आठ डबे लटकवून, "देवा, बघ रे" म्हणत चौकात घुसायच्या. थांबून राहिले ते एकटे काका, आणि पलीकडून त्यांना बघत मी. शेवटी कॉलनीतून एक मोटार आली, काकांच्या मागे येऊन उभी राहिली, आणि सिग्नल लगेच हिरवा. मोटारवाल्यानं हॉर्न मारला. काकांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो परत नाही मारला.

हणमंतराव देगलूरकर, वय छप्पन्न, रेल्वेच्या सिग्नलखात्यात इन्स्पेक्टर. घराणं मूळ नांदेडकडचं, पण निजामाच्या काळापासून इथलं. पणजोबा अदालतीत, आजोबा शाळामास्तर. त्यामुळे काकांचं मराठी वरून नांदेडचं आणि तळाला हैदराबादी. चौतीस वर्षं नोकरी आणि चौतीस वर्षं एकच काळी सायकल. लाल का मोडत नाही, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

"आमच्यात ड्रायवरनं लाल ओलांडला की त्याची नोकरी जाते. कधी कधी ड्रायवर बी जातो. चौतीस वर्षं मी लोकांना लाल दाखवायलो, आणि आता स्वतःच मोडू का?"

"पण काका, हा बिघडलाय."

"बिघडला नाही. त्याला आपण दिसंना झालो."

मग त्यांनी रस्त्यावरची चिरलेली चौकोनी रेघ दाखवली. तिच्या खाली तार पुरलेली. तिच्यावर मोटारीचं एवढं मोठं लोखंड आलं की मशीनला कळतं, कुणीतरी उभं आहे. सायकलीचं लोखंड किती? मशीन म्हणतं, कुणीच नाही. आणि कुणीच नाही तर हिरवा कशाला द्या? मोठ्या रस्त्याचा चालू द्या.

"आमच्यात यंत्राला काही समजेना झालं, तर ते लाल दाखवतं न् सगळ्यांना थांबवतं," काका म्हणाले. "कारण माणूस असू शकतो. इथं यंत्राला दिसलं नाही तर माणूसच नाही! हे कुणाचं डोकं आहे?"

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या बाजूनं मोटार क्वचित येते. गाडीवाले उठतातच उशिरा. काका आठवड्यात तीनदा कामावर उशिरा पोचले. घरी ठिणगी पडली. त्यांचा उदय सॉफ्टवेअरमध्ये आहे, स्वतः मोटारसायकलवर फिरतो, आणि बाबा सायकलवर दिसले की ओळखीचं कुणी पाहत नाही ना ते बघतो. तो म्हणाला, "बाबा, जमाना बदलला. दसऱ्याला तुमच्यासाठी स्कूटर घेतो. मी नाव नोंदवलंय."

"कैकू?"

"म्हणजे सिग्नल मिळेल तुम्हाला!"

ही सगळी भांडणं आमच्या सामाईक जिन्यात ऐकू येतात, मला कान लावावा लागत नाही. काका म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब. तोवर त्या सिग्नलनं मला एकट्याला, माझ्या सायकलवर, हिरवा दिला तर स्कूटर रद्द. नाही दिला तर सायकल मी स्वतः विकतो."

उषाकाकू आतून म्हणाल्या, "शब्द देऊन बसलात?"

"हौ. बसलो."

म्हणजे हातात दीड महिना, आणि तिकडे मशीनला मोटार पाहिजे.

चौकात यादगिरी नावाचे ट्रॅफिक हवालदार असतात. पूर्वी हा चौक ते हातांनी चालवायचे. दोन्ही हात असे काही फिरवायचे की लग्नातला बँडमास्टर फिका. मशीन आलं आणि त्यांचे हात रिकामे झाले. दिवसभर मशीनवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. पैजेच्या तिसऱ्या दिवशी त्यांना काकांची दया आली.

"क्या साब, कब तक ठैरते? निकल जाओ ना जी!"

"लाल है."

"लाल तो है साब, मगर आपके वास्ते हरा होताच नै. उसकु गाडी होना."

"तो मैं क्या हूं?"

यादगिरींनी काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आप... आप सैकल है साब."

"ठीक. फिर लिखके दो."

"क्या लिखके?"

इथे काकांची जी चूक झाली ती फक्त रेल्वेवाल्याचीच होऊ शकते. त्यांना वाटलं, पोलीस म्हणजे स्टेशनमास्तर. रेल्वेत सिग्नल बंद पडला तर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला लेखी परवानगी देतो: हा लाल तू हळूहळू ओलांड, जबाबदारी माझी. तो कागद हातात पडल्याशिवाय गाडी इंचभर हलत नाही. मग ट्रॅफिक पोलिसाकडेही तसा कागद असणारच!

यादगिरींकडे नव्हता. यादगिरींकडे फक्त शिट्टी होती. त्यांनी दुसरा उपाय सुचवला, सायकल हातात धरून चालत जा. काका म्हणाले, "हात में पकडा तो मैं पैदल हो गया. मैं पैदल नहीं हूं."

त्याच संध्याकाळी काका नारायणगुड्याला जाऊन दोन कोरी डुप्लिकेट बुकं आणि कार्बन घेऊन आले. ऑफिसचा एक कागद त्यांनी वापरला नाही. रात्री पट्टी घेऊन रेघा मारल्या. वर इंग्रजी, खाली तेलुगू: सिग्नल सायकलीला ओळखत नसल्यामुळे श्री/श्रीमती अमुक यांना दोन्ही बाजू पाहून, चालण्याच्या वेगाने, लाल ओलांडण्याची परवानगी. तारीख, वेळ, सही.

सकाळी यादगिरींनी ते तीनदा वाचलं. मला वाटलं, आता काकांची वरात चौकीत निघणार. पण हवालदारांनी खिशातून पेन काढलं, बूक काकांच्या सीटवर ठेवलं आणि अशी लांबलचक, शेपटीवाली सही ठोकली की मशीन आल्यापासूनचा राग तिच्यात उतरला. "मशीन आया तब से मेरेकु कोई नै पूछता साब. आप पूछे."

काका दोन्ही बाजू पाहत, घंटी वाजवत, चालीच्या वेगानं पार झाले. सात वाजून बारा मिनिटं. पावतीवर तसं लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी भामाबाईंनी डबे सावरत विचारलं, "मला बी द्या की ओ कागद. रोज देवाला किती त्रास देऊ?" मग दूधवाला. मग मी. हळूहळू चौकात सायकलींची रांग लागायला लागली. यादगिरींना तर नवं पदच मिळालं. "लैन में आओ! नाम बोलो! तुम कल दो बार गये, एकच परची लिये, क्या समझते?" मागून मोटार आली आणि सिग्नल हिरवा झाला की लोक पावती न घेताच जायचे, त्याचं त्यांना वाईट वाटायचं.

उदय कपाळाला हात लावायचा. "बाबा, तुम्ही पोलिसाला कामाला लावलंत, पण सिग्नल बदलला का?"

त्याचं बरोबर होतं. पावतीवर ओलांडलेला लाल हा काही हिरवा नव्हता. काकांनी सिग्नल-कंपनीला चार पत्रं पाठवली. चौथ्या पत्रानंतर, दसरा दोन दिवसांवर आलेला असताना, कंपनीचा माणूस उगवला: चिन्मय, पुण्याहून नुकताच बदलून आलेला, गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप.

"ॲक्च्युअली काका, प्रॉब्लेम असा आहे की, प्रॉब्लेमच नाहीये. आमचा डेटा बघा ना. या अप्रोचवर सायकलींचा काउंट झीरो आहे. म्हणजे सायकली इथून जातच नाहीत."

"मोजलं कुणी?"

"सिस्टिमनं."

"म्हणजे ज्याला दिसत नाही त्यानंच मोजलं."

चिन्मय गोड हसला. पुण्याची माणसं नाही म्हणायच्या आधी तसं हसतात. काकांनी पिशवीतून बुकं काढली, आता त्यांची सात झाली होती, आणि त्याच्या लॅपटॉपवर एकावर एक रचली. "सहाशे बारा. नाव, तारीख, वेळ, पोलिसाची सही. तुमच्या झीरोतले लोक आहेत हे."

चिन्मयनं पानं उलटली. पुन्हा उलटली. "पण सेन्सिटिव्हिटी वाढवली तर शेजारून ट्रक गेला तरी उगाच हिरवा लागेल हो."

"लागू द्या की! रिकाम्या रस्त्याला चार सेकंद हिरवा मिळाला तर कुणाचं काय जातं? तुम्ही आधी इथं उभे राहून बघा."

भामाबाईंनी डबे उतरवून आपली सायकल पुढे केली. चिन्मय उभा राहिला. पहिलं मिनिट हसत. दुसऱ्यात घड्याळ बघत. तिसऱ्यात त्यानं डावीउजवीकडे पाहिलं आणि पॅडल मारलं. यादगिरींची शिट्टी कानठळ्या बसवून गेली.

"परची किधर है?"

"अहो, मी सिग्नल-कंपनीचा माणूस आहे!"

"मग तर तुम्ही मुळीच मोडायचा नाही," काका म्हणाले.

रांगेतले लोक इतके हसले की चिन्मयही शेवटी हसला, आणि या वेळी ते नाही म्हणण्याआधीचं हसू नव्हतं. त्यानं खांबाजवळची पेटी उघडली, आत काहीतरी दोन घरं फिरवलं, आणि सायकलनं नेमकं कुठे थांबायचं तिथे तारेवर खडूनं फुली मारली. काकांनी सायकल त्या फुलीवर घेतली.

तेवढ्यात उदय मोटारसायकलवरून आला. "बाबा, शोरूमवाल्याला आज रंग कळवायचाय. पांढरा सांगू की निळा?"

"मागं हो!" काका ओरडले. "तारेवरून मागं हो! तुझ्या गाडीमुळं झाला म्हणशील!"

उदय बिचारा पाय घासत दहा हात मागे गेला. यादगिरींनी शिट्टी तोंडातून काढली. काका पाठ ताठ करून दिव्याकडे बघत राहिले. मोठ्या रस्त्यावरची वाहनं थांबली, आणि आमच्या बाजूला हिरवा लागला. तारेवर फक्त एक काळी सायकल होती.

भामाबाई किंचाळल्या. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"काका, जा ना!" मी म्हटलं.

"दुरुस्त झालेला सिग्नल तीनदा तपासल्याशिवाय कामाला घेत नाहीत. एक झाला."

दिवा पुन्हा लाल झाला. मोठ्या रस्त्यावरची बस काकांकडे बघत हॉर्न वाजवत गेली. दुसऱ्यांदा हिरवा, काका जागेवर. चिन्मय घाम पुसत होता. तिसऱ्यांदा हिरवा लागला तेव्हा काकांनी पॅडलवर पाय दिला आणि कुणाचीही परवानगी न घेता, चौकाच्या बरोबर मधून, आपल्या नेहमीच्या वेगानं निघाले.

"बाबा! शोरूमवाल्याला काय सांगू?"

काका पलीकडे पोचले होते. मागे न बघता, सगळ्या वाहनांवरून त्यांचा आवाज आला.

"नक्को बोल उसकु!"