वहिनीचं गुंतवळ

दादाचा फोन तीनदा वाजून बंद झाला, तेव्हा मी वर्ध्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. चौथ्यांदा बाहेर येऊन उचलला. "दवाखान्यात ये... तुही वहिनी नाई राह्यली." सकाळीच तिने माझा डबा भरून दिला होता. आता दीड महिना होत आला. मला फार लिहिता येत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दादाला विचारूनच लिहिते आहे.

वर्ध्याजवळ आंजी गावात आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि गेले ती अर्चना वहिनीमुळे. बाजाराच्या आदल्या दिवशी मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचं काम माझं होतं. लग्न होऊन आली तशी तिने ते स्वतःकडे घेतलं. "मॅडम, तुमी पुस्तक धरा. जुड्या मी बांधतो." मॅडम हे नाव तिनेच ठेवलेलं. आधी चिडवायला, मग खरंच.

तिचे केस तसे विरळच. पण तिला दिवस गेले आणि ते असे दाट झाले की सातव्या महिन्यात वेणी माझ्या मुठीत मावेना. "पोट आन केस, दोनी वाढून राह्यले बाप्पा," ती हसायची. आई म्हणायची, "बांधून ठेव वं, नजर लागन." डोहाळजेवणाला तिची वेणी मी घातली, शेवंतीची फुलं माळली. तिने दोनदा आरसा मागून घेतला होता.

तिची लेक गुड्डी तीन महिन्यांची झाली आणि केस गळायला लागले. उशीवर, भाकरीच्या पिठात, गुड्डीच्या मुठीत. आई म्हणाली, "पोट्टी मायले पाहून हासाले लागली का मायचे केस जातेच." वहिनी फणीतलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून न्हाणीच्या दाराआडच्या खिळ्याला लावलेल्या पिशवीत टाकायची. आमच्याकडे केसांवर भांडी देणारी बाई येते, तिच्यासाठी. "मॅडमच्या डब्यातलं तेल पुस्तकावर सांडते. यंदा घट्ट झाकनाचा इस्टीलचा डबा घेऊ. माहे केस, तुहा डबा."

एका दुपारी मी अभ्यास करत होते. ती गुड्डीला मांडीवर घेऊन शेजारी बसली. "तुह्या मोबाइलमंदी पाय ना, काऊन एवढे गळून राह्यले. टक्कल पडते का मले?" आणि मग, जरा थांबून, "वावरातून घरापर्यंत आलं का दमही लागते आजकाल. आडवं झालं का जास्तच..."

मी शोधलं. पोटात बाळ असताना जे केस गळायचे थांबतात, ते बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी एकदम गळतात. वर्षभरात परत येतात. मी तिला हे अगदी शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. मला बरं वाटत होतं, आपल्या शिक्षणाचा घरात काही उपयोग झाला म्हणून.

"म्हंजे काई नाई ना?"

"काई नाई वहिनी."

दमाचं मी शोधलंच नाही. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. आईने त्या आठवड्यात डॉक्टरला दाखवून ये म्हटलं, तेव्हा वहिनी ऐटीत म्हणाली, "मॅडमनं पाह्यलं. काई नाई म्हनते."

केसांबद्दल मी सांगितलं ते बरोबर होतं. म्हणूनच ते जास्त टोचतं. मला ज्याचं उत्तर सापडलं, तेवढंच मी ऐकलं.

ती गेली त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर कधी कधी हृदय कमजोर होतं. त्यांनी दादाला विचारलं, "दम लागतो, असं कधी बोलल्या होत्या का?" दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "नाई." मी त्याच्या मागेच उभी होते. मी काही बोलले नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस नाही. तो गुड्डीला दूध पाजत असला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

मागच्या आठवड्यात गल्लीत आवाज आला, "केसावर भांडेऽऽ". दादा न्हाणीकडे गेला, पिशवी घेऊन आला आणि माझ्यासमोर धरली.

"देऊन टाक. डबा घे. तिले तुह्यासाठी घ्याचा होता."

माझ्याने हात पुढे करवेना. "दादा... वहिनीनं मले सांगितलं होतं. दम लागते म्हनून. मी लक्षच नाई देलं."

त्याने पुढे धरलेली पिशवी मागे घेतली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मलेही म्हनली होती," तो म्हणाला. "मी म्हनलं, बाजार होऊ दे, मंग जाऊ."

बाहेर बाईने पुन्हा एकदा हाक दिली. आमच्यातलं कोणीच दारात गेलं नाही. आवाज पुढच्या गल्लीत निघून गेला. दादाने पिशवीचं तोंड नीट दुमडलं आणि ती परत खिळ्याला अडकवली.

ती अजून तिथेच आहे. सकाळी न्हाणीचं दार लावताना तिचा हाताला स्पर्श होतो. डबा मी जुनाच नेते. तेल सांडतं.