पाणी वाजल्याशिवाय नाही

आइस पॅक कानाशी धरून त्या हलवायच्या. आत पाणी वाजलं तरच तो लशींच्या डब्यात जायचा. नाही वाजलं तर “अभी नहीं” म्हणून परत टेबलावर.

मनीमाजऱ्याच्या दवाखान्यात त्या थोरल्या नर्स. मी नवखी, नवऱ्याची बदली झाली म्हणून चंडीगडला आलेली. दहावीला मी अप्रकट उष्मा घोकून पाठ केला होता. त्यांना तो हातानं ठाऊक होता. फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो लस गोठवतो आणि गोठलेली लस निकामी. वितळू लागला की मात्र तो शून्यावर ठाण मांडून बसतो, बाहेरची सगळी उष्णता वितळण्यातच खर्ची पडते. त्यांच्या भाषेत, “पिघलती बरफ गर्मी खाती है, पुत्त. उसे भूख तो लगने दो.”

ही भूक लागेपर्यंत आम्ही रोज बसून राहायचो. खरं सांगते, मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा.

जूनमधल्या एका सकाळी त्यांना यायला उशीर झाला. वस्तीत आया बाळांना घेऊन खोळंबल्या होत्या. मी फ्रीझरमधले पॅक तसेच डब्यात कोंबले. मागाहून वस्तीत पोचून त्यांनी डबा उघडला तेव्हा कुप्यांमध्ये बर्फाचे कण दिसत होते. मी हळूच म्हटलं, थोड्या वेळात वितळेल, कुणाला कळणार नाही.

“टीका चुप रहेगा, बच्चा भी चुप रहेगा,” लशीची कुपी दाखवत त्या म्हणाल्या. “बीमारी चुप नहीं रहेगी.”

मग त्यांनी बायकांसमोर हात जोडले. चूक स्वतःवर घेतली आणि उद्या या, म्हणाल्या. रोजी बुडवून आलेल्या बायका त्यांना वाट्टेल ते बोलल्या. वरून साहेबांचीही बोलणी त्यांनीच खाल्ली. निवृत्तीला आठवडा उरला होता. मी गप्प राहिले. त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आया परत आल्या, हे महत्त्वाचं. पण थोरल्या नर्सकडे कुणी बाळ देईना. “उस दीदी से नहीं, आपसे लगवाएँगे,” म्हणत रांग माझ्यासमोर लागली. त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा करून दिली आणि एकेका बाळाचा पाय धरून बसल्या. मी सुया टोचत गेले.