रेडिओबाईंचा पासवर्ड

रेडिओबाईंचा नवरा दिवसभर ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर बायको. कधी हाताने, कधी पट्ट्याने. काम मन लावून करायचा, एवढं म्हणायला हवं.

बाई जन्मांध. दवाखान्यातले डॉक्टर रेकॉर्डरवर जे काय पुटपुटतात ते त्या घरी बसून टाइप करायच्या. स्क्रीनवरचा शब्द न् शब्द कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवायचा, तेही इतकं सुसाट की शेजारणीला वाटलं रेडिओ बिघडलाय. नाव तिथून पडलं.

पण कॉम्प्युटर उघडणं नवऱ्याच्या हातात होतं. यंत्र बसवायला आलेल्या दुकानदाराने "डोळस माणूस लागेल" म्हणून नवऱ्यालाच पुढे बसवलं आणि पासवर्ड त्याने ठेवला. लहर असली तर सकाळी उघडून द्यायचा, नसली तर नाही. एकदा बाईंनी पासवर्ड मागितला, तेव्हा त्याने त्यांचं तोंड ओट्यावर आपटून दात पाडला. परवा दवाखान्याने बजावलं, आता एकदा जरी उशीर झाला तर काम बंद. त्या कामाच्या जोरावरच कधीतरी हे घर सोडायचं, असं बाईंनी मनाशी ठरवलेलं होतं.

अंधशाळेतल्या मैत्रिणीने पेनड्राइव्ह पाठवला आणि फोनवर समजावलं, "जुनं सगळं पुसून टाक, त्याला पासवर्ड लागत नाही, आणि ही सिस्टिम घाल. ही पहिल्यापासून बोलते. टुंग वाजलं की एस दाबायचं, मग एंटर. कुणाचे डोळे उसने आणायला नकोत."

नवरा कामावर जाताच बाई पेनड्राइव्ह लावून बसल्या. टुंग. एस. एंटर. पुढे काहीच नाही. बाईंनी स्पीकरला कान लावला. मग यंत्र नाकातून बोलू लागलं. ते प्रश्न विचारी, बाई आकडा दाबत. शेवटी त्याने विचारलं, डिस्क पूर्ण पुसू का? इथे चुकलं तर काम गेलं आणि मार ठरलेला.

"पूस मेल्या," बाई म्हणाल्या आणि होकार दिला.

मग त्याने नवा पासवर्ड मागितला. बाईंनी टाकला. खात्रीसाठी पुन्हा मागितला, पुन्हा टाकला. नवऱ्याच्या हाती लागणार नाही असं काहीतरी पहिल्यांदाच त्यांच्यापाशी होतं. त्यांना हुंदका फुटला. यंत्र नीट सुरू झाल्यावर त्यांनी त्याचा आवाज आपल्या वेगाला आणून ठेवला.

नवरा दुपारीच परतला. जिन्यात बूट वाजले तसं बाईंनी यंत्राला पासवर्डाचं कुलूप घातलं.

"हे काय भलतंच दिसतंय? पासवर्ड काय याचा?"

"माझा आहे."

पहिल्या थपडेत ओठ फाटला. मग पट्टा निघाला, पाठ सोलून झाली.

"सांगतेस की नाही?"

"नाही सांगत."

त्याने मॉनिटर वायरींसकट उपटला आणि जमिनीवर आदळला. काचा उडाल्या, लोखंडी स्टँड तुटून बाजूला पडला. "आता चालव बघू!"

बाईंना स्क्रीन हवाच कशाला? गृहस्थाने स्वतःचेच डोळे फोडले होते. स्पीकर मजेत बडबडत होता. नवरा कीबोर्डवर तुटून पडला.

"काय बोलतोय हा? हळू बोलायला सांग त्याला!"

"पासवर्ड चुकला म्हणतोय."

त्याने केसांना धरून त्यांना खाली पाडलं आणि करंगळी उलटी दाबली, काड्कन मोडेपर्यंत. बाई किंचाळल्या. "एकेक करून सगळी मोडतो. मग कर टाइप!" असं म्हणून तो पुन्हा कळा बडवायला लागला.

बाई जमिनीवर चाचपडल्या. काचा तळहातात घुसल्या, मग स्टँड हाताला लागला. त्या उठल्या. खडखड खडखड. नवऱ्याचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. बाईंनी स्टँड उचलला आणि सगळ्या वर्षांचा राग एकवटून त्या आवाजावर घातला. मग आणखी एकदा.

किंकाळी ऐकून शेजारीण धावत आली. नवरा हात पोटाशी धरून गुरासारखा ओरडत होता. बाईंनी रक्ताने चिकट झालेला कीबोर्ड ओढून चाचपला. दोन-चार कळा उडाल्या होत्या, पासवर्डातली एकही नाही.

"ताई, याला दवाखान्यात पाठवा. आणि पोलिसांना बोलवा. मारलं मी, सांगेन तसं."

"अहो, पण तुमचं बोट लोंबतंय!"

"नऊ आहेत अजून," बाई म्हणाल्या आणि टाइप करायला बसल्या.