बर्फवाल्या बाईंची मूठ

रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत वीस वर्षं रक्त तपासणाऱ्या त्या बाईंना सगळे ‘बर्फवाल्या बाई’ म्हणत. लॅक्टेटची, म्हणजे रक्तातलं आम्ल मोजायची नळी बर्फाशिवाय आली, की आणणारीची खैर नसे. “अगं, नळीतलं रक्त अजून जिवंत असतं. ऊब मिळाली की आपलं आपणच आकडा वाढवतं. चांगल्या माणसाला पोहोचवशील अशानं!”

त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर त्यांची थोरली जाऊ निजून होती. पायाच्या जखमेचं विष रक्तात भिनलेलं. सकाळी लॅक्टेट तीन होतं. दुपारचं रक्त बाईंनी स्वतः काढलं आणि खाली येताना जिन्यातल्या बाकावर क्षणभर टेकल्या. धुरकट काचेतून ऊन पाझरत होतं. देवाचं नाव घेता घेता डोळे मिटले. स्वप्नात थोरली स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून काहीतरी ढवळत होती. वळतच नव्हती. हाक मारावी, तर ओठ हलेनात.

डोळे उघडले तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

यंत्रानं आकडा दिला, साडेचार. फोनवर डॉक्टर म्हणाले, “चारच्या वर गेलं, बाई. लक्षण बरं नाही. तुमच्या दिरांना सांगतो, लेकीला बोलावून घेऊ देत.”

बाईंनी नळी उचलून ठेवायला घेतली आणि चपापल्या. नळी कोमट होती, त्यांच्या तळहाताइतकीच. पाऊण तास तिला मुठीत धरूनच त्या देवाला आळवता आळवता पेंगल्या होत्या!

“डॉक्टर, थांबा. दिरांना काही बोलू नका. बर्फ राहिला.”

“कुणाकडून?”

“माझ्याकडून.”

डॉक्टर म्हणाले, “काढा पुन्हा.”

या खेपेला नळी बर्फात खोचून बाई दोन-दोन पायऱ्या उतरल्या. ‘देवा, तू हो पुढे, माझे हात गुंतलेत,’ एवढंच म्हणाल्या.

आकडा आला, दोन पूर्णांक आठ.

संध्याकाळी थोरलीनं डोळे किलकिले केले. “काय गं, मला पोहोचवायला निघाली होतीस म्हणे?”

“कुणी सांगितलं, ताई?”

“सगळा मजला हसतोय.” तिनं चाचपत बाईंचा हात धरला. “अगंबाई, किती गार हा!”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “गारच बरा.”