रिकामी आलेली बाटली

अडुळशाचा पाक करायचं काम मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं. दिवाळी झाली की परसातल्या अडुळशाची पानं खुडायची, आलं, तुळस, मिरी आणि ज्येष्ठमध घालून पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळून घ्यायचं आणि त्यात काळपट गूळ घालून पुन्हा आटवायचं. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातली निम्मी माणसं थंडीत माझ्या दारात बाटली घेऊन येतात. मला त्याचा माज होता, हे आता कबूल करते.

कळंब्याला राहणारी माझी थोरली बहीण, आक्का, या पाकावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवणारी. तिची सून नोकरीवरून जाताना बाटली न्यायची, संपली की परत आणायची. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आक्काची बाटली कधी भाजक्या शेंगदाण्यांनी भरून यायची, कधी तिळाच्या चटणीनं. घरात काही नसलं तर तळाला चिमूटभर साखर तरी असायचीच.

गेल्या थंडीत आक्काला खोकला लागला. फोनवर म्हणायची, "तुझ्या पाकानं जरा बरं वाटतंय बघ. आणि एक बाटली दे की लावून." बाटली आठवड्यात संपायला लागली. मला वाटलं, गुण येतोय.

संक्रांतीच्या सुमाराला बाटली रिकामी आली. धुतलेलीसुद्धा नव्हती. मी उलटी करून बघितली, साखरेचा दाणा नाही. सुनेला विचारायला हवं होतं, पण राग कायम माझ्या नाकावर. मी तासन् तास गॅसपुढं उभी राहते आणि हिला चिमूटभर साखर जड झाली? पाक भरून दिला, पण आक्काचा फोन आला की हूं हूं करून ठेवून द्यायचे. पुढची बाटलीही तशीच आली, तेव्हा ठरवूनच टाकलं की कळंब्याला पाय ठेवायचा नाही. रिक्षानं वीस मिनिटांची वाट. दीड महिना गेले नाही.

शिमग्याच्या आधी सुनेचा फोन आला. "मावशी, आईंना राजारामपुरीत डॉक्टरांकडं आणलंय. तुम्ही या की."

दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई आधी ओळखूच आली नाही. ब्लाऊजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. खोकला कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. आक्का धापा टाकत म्हणाली, "दिवाळीपास्नं. पर माझी भन घरचं औषध देती की." केवढ्या अभिमानानं सांगत होती! डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. फुप्फुसात गाठ होती आणि ती पसरली होती. आधी यायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले.

आक्का गेली, त्याच्या दोन दिवस आधी तिनं माझं मनगट धरलं. "तुझी बाटली रिकामीच धाडली गं मी. दोनदा. ओट्यापतूर चालवत न्हवतं, आणि दुसऱ्याच्या हातनं भरायचं मनाला येईना. रागावलीस व्हय?"

"न्हाय गं आक्का," मी म्हणाले. तिनं डोळे मिटले. तिला ते खरं वाटलं का, मला माहीत नाही.

यंदाही पाक केला. जो येईल त्याला आधी विचारते, खोकला किती दिवस आहे, आणि फार दिवसांचा असला तर शिव्या घालून दवाखान्यात पिटाळते. काल समोरच्या बाईनं नवऱ्याबरोबर बाटली परत पाठवली. रिकामी. हातातलं काम टाकून, चप्पल न घालता मी धावत गेले. ती दारातच मेथी निवडत बसली होती, ठणठणीत.

"अगंबाई, साखर घालायची ऱ्हायलीच की," ती म्हणाली.

मी तिच्या उंबऱ्यावरच बसले आणि रडायला लागले. ती बिचारी साखरेचा डबा घेऊन आली आणि पुन्हा पुन्हा माझी माफी मागत राहिली.