पडक्या विहिरीतले देव

बाभुळगावकडच्या एका खेड्यात आमच्या कॉलेजचं श्रमदान शिबिर होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेज सांगेल ते काम मला पवित्र वाटे. सर म्हणाले, वस्तीच्या कडेला एक पडकी विहीर आहे, गाळ काढला तर तिथल्या लोकांना हक्काचं पाणी मिळेल. मी सगळ्यांच्या आधी आत उतरलो.

वस्ती आमच्याच लोकांची, छप्पन सालानंतर बौद्ध झालेली. बायांना पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरा उकरावा लागे. तरीही या विहिरीत उतरायला वस्तीतलं कोणी तयार होईना. माणसं वरून दोर ओढत, टोपली रिकामी करत, पण गाळाकडे बघत नसत. एक म्हातारी तर रोज सकाळी काठावर येऊन बसे.

"काहून उपसून राह्यले रे बाप्पा? राहू द्या ते इहीर तशीच."

"आजी, पाणी लागलं की पह्यली घागर तुमची," माझा वणीकडचा मित्र खालून ओरडे. तो दुकानदाराचा मुलगा, जिभेनं मोकळा.

"मले नाही पायजे. तुह्या मायले दे नेऊन."

आम्ही हसायचो. म्हातारीची सून तिला भाकरी घेऊन येई. तिचे दिवस भरत आले होते. ती मात्र कधी हसली नाही. विहिरीत डोकावतही नसे.

मग एका दुपारी टोपलीत एक गोल दगड आला. चिखल पुसला तर खाचांमध्ये शेंदूर. पाठोपाठ एक टाक आला, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा खंडोबा. मग आणखी टाक, पितळेची एक लहान देवी, मरीआईचा दगडी तांदळा. मित्राला आनंद आवरेना. त्यानं सगळे धुतले, काठावर ओळीनं मांडले, कण्हेरीची फुलं वाहिली.

"देव पावला शिबिराले!"

त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण काठावरचे दोर थांबले होते. वस्तीतली माणसं दोन पावलं मागे सरकून उभी होती. गावातले दोघे-चौघे बघायला आले, त्यातला एक हसून म्हणाला, "घ्या, तुमचे देव वापस आले. आता तुमीबी या वापस."



मी चिखलात उभा होतो आणि मला आमचं घर दिसत होतं. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्यांनी देव फडक्यात बांधून नदीत सोडले आणि भिंतीतली देवळी मातीनं लिंपून टाकली. मी तेव्हा लहान होतो. माझ्या आठवणीत तो सणाचा दिवस होता. पुढे रोज संध्याकाळी दिवा लावला की आई आधी त्या लिंपलेल्या भिंतीकडे वळे, मग थबके. हे मी रोज पाहत होतो, पण कधी विचारलं नव्हतं.

म्हातारी पुढे झाली. तिनं घोड्यावरचा टाक ओळखला.

"हा माह्या सासऱ्याचा. माणसायचे हात कापत होते, तं मीच टाकलता." मग खालच्या आवाजात म्हणाली, "वर्साच्या आत नातू गेला."

सून तिच्या मागेच उभी होती. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. "माय, घरात घ्या त्याइले. एवढं माहं बाळंतपण होऊ द्या. मंग टाका पुन्हा."

"एक डाव आनले का मंग माह्याच्यानं नाही टाकणं होत. तेवढी ताकत दोन डाव येत नाही."

सर म्हणाले, गावच्या देवळात ठेवू. म्हातारीनं मान हलवली. कोणी म्हणालं, काठाच्या बांधकामात बसवून टाकू. त्यावर ती उसळली. "पुजाचे नाहीत, पर पायाखालीबी नाही घालाचे." मग तिनं मला शोधून काढलं. मी कोण, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं असावं.

"तू आपला हायेस न? तुमच्या घरचे कुठी टाकले?"

"नदीत सोडले, आजी."

"मंग गेलं कोणी घरातलं?"

"नाही. उलट मी कॉलेजात गेलो."

ती सुनेकडे वळली. "आयकलं?"

सून म्हणाली, "त्याइचे वाहून गेले. आपले इथीच खाली बसून होते."

म्हातारीला त्यातूनच वाट सापडली. गावाजवळची नदी आटली होती, तरी तिच्या वळणावरचा डोह कधी आटत नाही, असं ती म्हणाली. मी माझा पंचा पसरला. मित्रानं स्वतःच वाहिलेली फुलं एकेक करून उचलली आणि देव पंच्यात ठेवले.

ऊन उतरल्यावर आम्ही डोहावर गेलो. सून काठावर पोटावर हात ठेवून उभी राहिली. मी छातीइतक्या पाण्यात गेलो. पायाखालची जमीन संपली तिथे गाठ मारलेला पंचा सोडला. तो लगेच बुडाला नाही. फुगला, तरंगला, मग एकदम आत ओढला गेला.

"मांगं पाहू नको," काठावरून म्हातारी ओरडली.

तर्कशास्त्रात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. तरी मी मागे पाहिलं नाही. काठावर येईपर्यंत कोणीतरी मागून येतं आहे असं वाटत होतं.

शिबिर उठायच्या सुमारास विहिरीला झरा लागला. पहिली ओंजळ म्हातारीनंच घेतली. पाणी बराच वेळ तोंडात धरलं, सगळ्यांच्या देखत डोळे मिटले आणि गिळलं. मग बायांनी घागरी पुढे केल्या.

घरी गेलो त्या संध्याकाळी आईनं दिवा लावला, भिंतीकडे वळली, थबकली. मी विचारलं, "अजून भेव वाटते, माय?"

"रोज नाही. तू हॉस्टेलवर जातं तवा वाटते. तुह्या परीक्षेच्या वक्ताले वाटते." आणि ती भाकरी थापायला बसली.

धैर्य हे भाषण करणाऱ्यांकडे असतं, असं मी तोवर समजत होतो. माझं शिक्षण एका बाईच्या रोजच्या भीतीवर उभं होतं आणि तिनं ती भीती मला कधी कळू दिली नव्हती. पुढे पदवी हातात घेताना मला ती लिंपलेली देवळीच आठवली.

त्या शिबिरानंतर पावसाळा गेला. बाभुळगावच्या बाजारात ती सून भेटली. कडेवर मुलगी होती, गुटगुटीत, तोंडात मूठ घातलेली. मला फार आनंद झाला. म्हातारीही बरी होती. मी मुलीच्या गालाला हात लावला. सून जवळ आली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "दादा, तिथंच डोहात हायेत न ते? वापस तं नाही येनार?"

त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला होता. डोहाची वाळू कुठल्या कुठे गेली असेल.

"तिथंच आहेत," मी म्हणालो.

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती गर्दीत शिरली. आजही उन्हाळ्यात एस.टी. त्या वळणावरून जाते तेव्हा मी खिडकीतून डोहाचं पाणी किती उरलं आहे ते बघतो. तिची मुलगी आता शाळेत जात असेल.